पिपीला हाक मारतानाचा आवाज

पोर्ट चाल्मर्सला जुलैत चारलाच दिवा लावावा लागतो.
खिडकीखाली धक्का, ओंडक्यांचे ढीग,
पाइनचा ओला वास जिना चढून
माझ्या खोलीत येतो, जिथे पूर्वी आरसा होता.

आरसा मी काढून टाकला.
त्याच्यासमोर बसवून वीस वर्षं मी मुलांच्या जिभा वळवल्या.
“माझ्याकडे बघ” म्हणायचे. बघितलं की एक बेदाणा.
यूअन नावाचा मुलगा बोलताना हात फडफडवायचा.
त्याचे हात मी माझ्या हातांत धरून ठेवले, अगदी मायेनं,
आणि शब्द आला. बरोबर आला, स्पष्ट आला.
त्याची आई रडली. मला बढती मिळाली.
ते हात पुन्हा उडाले का, मी विचारलं नाही.

आता मेरिन.
वय एकोणीस, ओंडके मोजायची नोकरी,
पायांत गमबूट, कानांवर गोंगाट अडवणारे लाल हेडफोन.
फोनवर कुणी “सर” म्हणतं, कुणी “मॅडम”,
दोन्ही वेळा मेरिनचा घसा बुडतो,
भरतीत खडक बुडावा तसा, हळू आणि पूर्ण.
मग टॅबलेट बोलतो.
टॅबलेटमध्ये आवाज तीन: बाई, पुरुष, लहान मूल.
आज कुठला, ते नाणं उडवून ठरतं.

नोंदवहीत मी सर्वनाम वापरत नाही.
मेरिन, मेरिनचं, मेरिनला, पुन्हा मेरिन.
वाक्य अडखळतं.
अडखळू दे. या खोलीत त्याची परवानगी काढावी लागत नाही.

पहिल्या दिवशी विचारलं, काय हवंय?
खाली क्रेननं तीन कंटेनर उचलून ठेवले
एवढा वेळ गेला.
मग पडद्यावर अक्षरं:
पिपीला हाक मारताना जो निघतो, तो.
तेवढा एकच माझा आहे.
बाकीचे उसने.

पिपी म्हणजे कुत्री, अर्ध्या कानाची.
पुढच्या मंगळवारी तीही आली, हीटरला पाठ लावून पसरली.
मेरिननं हाक मारली.
मशीनवर रेघ उमटली: मध्येच कुठेतरी,
शेवटाकडे जराशी चढणारी,
पावाच्या कडेसारखी खरखरीत.
पिपीनं शेपूट एकदा आपटलं.
त्या आवाजाला तिनं कधी विचारलं नव्हतं, तू नक्की कोण?

चमचाभर विरजणावर पातेलंभर दही लागावं
तसे त्या हाकेवर आम्ही बाकीचे शब्द लावले.
“पिपी, ये” वरून “एक फिश, दोन चिप्स”.
“पिपी, सोड ते” वरून
“मला तसं म्हणू नका”.

हे वाक्य जड गेलं. ऑगस्टभर तेच.
मेरिनचे हात हवेत उडत राहिले
आणि मी माझे हात मांडीखाली दाबून बसले.

वाक्यं साठवत गेलो, दोनशे, तीनशे,
न बोलण्याच्या दिवसांसाठी.
टॅबलेटमध्ये आता चौथा आवाज आहे,
त्याचं नाव “पिपीचा”.

फोरमन अजून “सर” म्हणतो, मुद्दाम नसेल कदाचित.
यूअनला पत्र लिहिलंय. तिशीचा असेल आता.
टपालाचं तिकीट लावून ठेवलंय, आठ आठवडे झाले.

काल मंगळवार होता. चार वाजले, जिना रिकामा.
आन्सरिंग मशीनवर निरोप:
मागे वारा, सीगल, लाटांचं पाणी,
“आज जमणार नाही यायला. बरे आहोत. वाळूवर आहोत.
आज बोलायला नको वाटतंय.”
मग, फोन बंद करायचा राहून गेला असणार,
लांबून ती हाक.
आणि पुन्हा.

न सांगता भेट चुकवली तर फी लागते, असा नियम आहे.
ही सांगून चुकवलीय.
तोंडानं.